नव्या प्रयोगांआधी राहून गेलेला उपचार

प्रश्न : माझी १७ वर्षांची मुलगी दीड वर्षापासून जेवण टाळते आहे. पोळीचे बारीक तुकडे करून ती ते ताटात नुसते फिरवत बसते. वजन ३६ किलोवर आले असून नागपूरच्या उन्हाळ्यातही तिला स्वेटर लागतो. अॅनोरेक्सियाचे, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने अन्न टाळण्याच्या मानसिक आजाराचे, निदान झाले, परंतु समुपदेशनाने फरक पडला नाही. परदेशातला माझा भाऊ मेंदूतील इलेक्ट्रोड आणि मशरूममधील औषधाचे प्रयोग सुचवतो. तिला तिकडे न्यावे का?
— एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, सध्या नेऊ नका. टोरोंटो येथील इलेक्ट्रोडचा, म्हणजे मेंदूत बारीक तार बसवून विद्युत्स्पंदने देण्याचा, प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षानुवर्षे आजारी असलेल्या आणि इतर उपचारांना दाद न दिलेल्या केवळ १६ रुग्ण होत्या. वर्षभरात सरासरी वजन वाढले, परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सिलोसायबिन या मशरूममधील द्रव्याचा २०२३ मधील अमेरिकेतील प्रयोग १० प्रौढ स्त्रियांवर, एकाच मात्रेचा होता. त्यांपैकी चौघींची आहाराविषयीची भीती व चिंता बरीच निवळली, वजनात मात्र एकंदरीने ठळक फरक पडला नाही. भारतात हे द्रव्य अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. हे संशोधन मला मोलाचे वाटते, पण ते तुमच्या मुलीच्या वयासाठी नाही.

तिच्या वयात सर्वांत भक्कम पुरावा आहे तो कुटुंबाधारित उपचाराचा, आणि तुमच्या पत्रावरून तो अजून झालेलाच दिसत नाही. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आलेल्या या पद्धतीत काय आणि किती खायचे हे काही काळ आईवडील ठरवतात, प्रत्येक जेवणाला शेजारी बसतात, आणि वजन सावरल्यावर तो अधिकार टप्प्याटप्प्याने मुलीला परत देतात. साधारण वर्ष लागते. रडारड होईल, ताट ढकलले जाईल. तो आजाराचा हट्ट आहे, तुमच्या संगोपनातील उणीव नव्हे. हा उपचार जाणणारा मानसोपचारतज्ज्ञ शोधा. नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) किंवा एम्सच्या मानसोपचार विभागात चौकशी करता येईल.

मात्र आज घाईने तिला पोटभर भरवू नका. दीर्घ उपासमारीनंतर एकदम अन्न मिळाले की रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने घसरून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून आधी रक्ततपासणी व ईसीजी करून घ्या, आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवा. उपासमारीत शरीर उष्णता आणि नाडी दोन्ही कमी करते. तो स्वेटर त्याचाच भाग आहे. जागेपणी नाडी ५० च्या खाली असेल किंवा तिला भोवळ येत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता तिला थेट आपत्कालीन विभागात न्या.