पूर्ण कोर्सची फी भरण्याआधी लॉगबुक उघडा

तुमची मुलगी युरोपबाहेरच्या एका विमान कंपनीत ए-३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे, हाती एटीपीएल, म्हणजे विमान कंपनीच्या पायलटचा सर्वात वरचा परवाना आहे आणि आता तिला युरोपचा परवाना हवा आहे. एका फ्लाइंग स्कूलने सगळा कोर्स पहिल्यापासून करायला सांगितलाय, त्यासाठी ती नोकरी सोडणार आणि तुम्ही कर्ज काढणार, असं पत्रात लिहिलंय. माझ्या मते यातलं काहीच इतक्यात करू नका.

युरोपीय संघाच्या २०२०/७२३ या नियमानुसार अनुभवी एटीपीएलधारकाला कोर्समधून पूर्ण सूट मिळू शकते. त्यासाठी युरोपात एटीपीएलला लागतो तेवढा अनुभव हवा आणि ज्या विमानावर स्किल टेस्ट, म्हणजे उड्डाण कौशल्याची चाचणी द्यायची, त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायची मान्यता, सध्याच्या परवान्यावर चालू हवं. परीक्षा मात्र चुकत नाहीत. १३ पेपर, प्रत्येकात ७५ टक्के आणि सगळे १८ महिन्यांत. क्वेश्चन बँक घेऊन, ड्युटी सांभाळून घरी अभ्यास करणारे पायलट पुष्कळ आहेत.

अनुभव म्हणजे नुसते १५०० तास नव्हेत. त्यात ५०० तास मल्टी-पायलट, म्हणजे किमान दोन पायलटांनी मिळून केलेल्या उड्डाणांचे लागतात. शिवाय पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा प्रमुख म्हणून २५० तास, किंवा कॅप्टनच्या देखरेखीखाली कमांड केलेले, म्हणजे पिकस, ५०० तास, किंवा किमान ७० तास पायलट-इन-कमांडचे आणि बाकीचे पिकसचे असे मिळून २५० तास हवेत. फर्स्ट ऑफिसर अडतात ते इथेच. उड्डाणं भरपूर झालेली असतात, पण पिकसची नोंद करून त्यावर कॅप्टनची सही घ्यायची राहून जाते. मुलीला आज रात्रीच लॉगबुकातला, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीतला, हा पिकसचा रकाना बेरजेला घ्यायला सांगा. ए-३२० चं रेटिंग नव्या परवान्यावर चढवायचं तर त्या टाइपवरचेही ५०० तास लागतात.

आता नोकरीबद्दल. टाइप रेटिंग वर्षभरच चालतं आणि कंपनी दर वर्षी सिम्युलेटर चेक घेऊन ते आपल्या खर्चाने वाढवते. राजीनामा दिला की हा खर्च तुमच्या गळ्यात. रेटिंग संपलं तर कोर्सची सूटही धोक्यात. म्हणून पेपर संपून स्किल टेस्ट होईपर्यंत तिने नोकरी सोडूच नये.

पहिला पैसा क्लास वन मेडिकलवर, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीवर घाला. पहिल्या वेळी ते युरोपीय मान्यतेच्या एरोमेडिकल सेंटरमध्येच करावं लागतं आणि तिथे अडलं तर पुढचा सगळा खर्च वाया. परवाना इयासा, म्हणजे युरोपीय संघाची विमान सुरक्षा संस्था, देत नाही, प्रत्येक देशाचं प्राधिकरण देतं. देश आधी ठरवा, कारण सगळे पेपर एकाच प्राधिकरणाकडे द्यावे लागतात. कोर्सची सूट मिळेल का, हे त्यांच्याकडून लेखी मागवा. स्किल टेस्टला सिम्युलेटर आणि एक्झामिनर दोन्ही युरोपीय मान्यतेचे लागतात, पण असे सिम्युलेटर युरोपबाहेरही आहेत. तेव्हा प्रवासखर्च वाचतो का, तेही विचारून घ्या. ब्रिटनचं पॅकेज कुणी स्वस्तात देऊ केलं तर नको म्हणा, १ जानेवारी २०२१ पासून त्यांचा परवाना वेगळा आहे.

आणि परवाना मिळाला म्हणजे तिथे काम करायची परवानगी मिळाली असं नाही. ती तिच्याकडे नसेल, तर पेपरची फी भरण्याआधी कुठल्या कंपन्या बाहेरच्या पायलटांना वर्क परमिट काढून देतात, याची चौकशी तिनेच करावी.