सांध्याच्या रॉडजवळचं हाड विरळ का होतं?

प्रश्न : डॉक्टर, आईचं (वय ६८) खुब्याचं ऑपरेशन होऊन २ वर्षं झाली, सिमेंट न लावता बसवलेला सांधा आहे. चालते छान, दुखत काहीच नाही. पण परवाच्या एक्स-रेत मांडीच्या हाडात बसवलेल्या रॉडच्या वरच्या भागातलं हाड विरळ झालंय म्हणाले. सांधा चुकीचा बसवला गेला का हो? रात्रभर झोप नाही मला.

उत्तर : ताई, तुमची काळजी समजते, पण तुम्ही सांगताय त्यावरून सांधा चुकला असं अजिबात वाटत नाही. हाडाचं कसं असतं, ज्या भागावर भार पडतो तो भाग मजबूत राहतो आणि भार गेला की तिथलं हाड हळूहळू कमी होतं, हे यूलियस वोल्फ या जर्मन सर्जननी १८९२ मधेच लिहून ठेवलंय. आधी आईचं वजन खुब्यातून मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकावर यायचं, आता ते रॉडमधून थेट खाली उतरतं, कारण रॉड हाडापेक्षा खूप ताठ असतो, टायटॅनियम साधारण ५-६ पट आणि कोबाल्ट-क्रोम तर १० पट किंवा जास्तच. मग वरच्या टोकाला, खास करून आतल्या बाजूला, काम उरत नाही, एक्स-रेत तिथली पांढरी कड गोलसर आणि करडी दिसायला लागते.

इथे डिझाईनचा फार फरक पडतो. जाडी तर बघाच, भरीव गोल रॉडची जाडी दुप्पट केली तर ताठपणा १६ पट होतो! खालपर्यंत खरखरीत कोटिंग असलेला जाड रॉड खालीच घट्ट धरतो आणि वरचं हाड रिकामं बसतं, म्हणून हल्ली निमुळते, फक्त वरच कोटिंग असलेले किंवा आखूड रॉड बरेच वापरतात, तरी हाडाची झीज थोडी होतेच. ती बहुतेक पहिल्या १-२ वर्षांत होते, मग मंदावते.

मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. खुब्याच्या खोबणीत बसवलेल्या कपमधल्या प्लॅस्टिकचे बारीक कण झिजून हाड पोखरतात, ते वाढत जातं आणि बरेचदा दुखतही नाही, त्यामुळे दुखत नाही म्हणून तपासणी टाळू नका. मांडीत नवीन कळ आली, पहिली पावलं टाकताना दुखलं, पाय आखूड वाटला तर लगेच दाखवा. आणि जाताना ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे शोधून सोबत न्याच, हाड खरंच किती कमी झालं ते दोन्ही शेजारी ठेवल्यावरच नीट कळतं.