वनस्पतींतील द्रव्यांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद करता येतात का?

ठाण्याच्या तलावपाळीवर फेरी मारून रोज तिथल्या गाडीवरचा कारल्याचा रस घेतल्यास मधुमेहाच्या गोळ्या बंद करता येतील का, असे आपण विचारले आहे. बंद करू नयेत. गंमत म्हणजे आपली मेटफॉर्मिनची गोळीही वनस्पतीचीच वारसदार आहे: गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीतील गॅलेजिन हे द्रव्य रक्तातील साखर उतरवत असे, पण ते विषारी ठरल्याने त्याच्याच रासायनिक कुळातील, १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेले मेटफॉर्मिन १९५७ पासून फ्रान्समध्ये रुग्णांना दिले जाऊ लागले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतील फ्लोरिझिन या द्रव्यावरून डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधे घडली. गाडीवरच्या हिरव्या, फेसाळ पेल्यात मात्र कोणते द्रव्य किती आहे, हे रसवाल्यालाही ठाऊक नसते. शिवाय हा रस गोळ्यांच्या जोडीने घेतल्यास साखर अचानक उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना सांगूनच तो घ्यावा.