बाळाच्या डोसाला गेल्यावर डॉक्टर घरातलं का विचारतात?

तुम्ही विचारलंय, दीड महिन्याच्या डोसाला डॉक्टरांनी एक कागद हातात दिला. घरात कोणी दारू पितं का, कोणाची भीती वाटते का, महिनाअखेर किराणा पुरतो का. हा आगाऊपणा नाही का, भरावा का?

भरा. ‘आगाऊपणा’ हाच शब्द माझ्या नणंदेने वापरला होता, म्हणून एवढं लिहितेय.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. तेव्हा नवऱ्याची अंबडच्या कंपनीत नाईट, धाकटा दीड महिन्याचा, रात्रभर किरकिर. थोरली चार वर्षांची. एका सकाळी तिच्या हातून दुधाचं पातेलं लवंडलं आणि मी हातातलं उलथनं तिच्या पोटरीवर हाणलं. वळ उठला. दुसऱ्या दिवशी डोस होता, म्हणून भर एप्रिलात तिला जाड लेगिंग चढवून नेलं.

डॉक्टरांनी पोटरी बघितलीच नाही. बाळाच्या मांडीवर कापूस दाबत, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, “झोप होते का तुमची? मोठीवर हात उठतो का कधी?” मी तिथेच रडले. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी नवऱ्याला आत बोलावलं, नाईट बदलून मिळेल का विचारलं आणि मला मानसोपचारवाल्या बाईंची चिठ्ठी दिली. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन निघालं.

नणंद म्हणाली, “घरातलं दवाखान्यात सांगायचं नसतं.” मग कुठे सांगायचं? तिच्याकडे? तिने तर वळ बघून ‘आम्हीही मार खाल्लाय’ म्हटलं होतं!

हे कोणा एकीवर संशय घेऊन विचारत नाहीत, सगळ्यांनाच विचारतात. अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉ. हॉवर्ड डुबोविट्झ यांनी ‘सीक’ नावाची अशीच प्रश्नावली आणली. आईचं नैराश्य, व्यसन, नवऱ्याची मारहाण, खाण्याची चणचण हे आधी कळलं तर पोरावर हात उठण्याआधीच मदत करता येते, एवढाच हिशेब.

आता खरं तेही सांगते. दवाखान्यातल्या अशा उपायांनी मुलांचा छळ नक्की टळतो का, याला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्याच तज्ज्ञ गटाने 2024 मध्ये म्हटलंय. आणि कागद घेऊन पुढे मदत काहीच नसेल तर तो रद्दीच. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर मात्र पॉक्सो कायद्याखाली डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. थकलेय, चिडते म्हटल्याने कोणी पोलीस पाठवत नाही. मूल धोक्यात असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहेच.

नवरा किंवा सासूबाई खांद्यावरून वाचत असतील तर तिथे काही लिहू नका. बाळाचं वजन करायला त्यांना पुढे पाठवा आणि तोंडी सांगा.