रिकाम्या वॉर्डात जाण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. कापसाच्या बंद जिनिंगचे फोटो चांगले आलेत, विशेषतः प्रेसच्या खोलीतला. आता तुला बंद पडलेली मनोरुग्णालयं टिपायची आहेत आणि जळगाव-धुळ्याच्या आसपास असं काही आहे का, असं तू विचारलंस. आधी तेवढंच सांगतो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली जुनी चार सरकारी मनोरुग्णालयं. त्यातलं एकही खान्देशात नाही, आणि चारही आज चालू आहेत. ठाण्याचं तर १९०१ सालचं. तेव्हा तू पाहिलेल्या परदेशी फोटोंसारखं आख्खं ओसाड इस्पितळ आपल्याकडे मिळणं कठीण. मिळालीच तर चालत्या इस्पितळाच्या आवारातली वापराबाहेर गेलेली बराक, जुनं स्वयंपाकघर, पडकी क्वार्टर्स. पलीकडच्या इमारतीत त्याच वेळी माणसं ताटं घेऊन रांगेत उभी असतात. हे डोक्यात पक्कं ठेवूनच कॅमेरा उचल.

तिकडची इस्पितळं ओस का पडली, तेही वाचून घे. १९५०च्या दशकात क्लोरप्रोमॅझिनसारखी औषधं आली आणि माणसाला जन्मभर कोंडून ठेवण्याची गरज नाही, हे डॉक्टरांनाही पटू लागलं. इटलीत फ्रँको बझालिया या मनोविकारतज्ज्ञांच्या चळवळीतून १९७८ साली कायदाच झाला आणि मनोरुग्णालयं बंद करायला घेतली. अमेरिकेत सरकारांनी खर्चाचाही हिशेब केला, आणि बाहेर पडलेल्या कित्येकांना रस्त्याशिवाय आसरा उरला नाही. म्हणजे त्या भिंतींच्या पोपड्यांमागे सुटकाही आहे आणि हेळसांडही. नुसते पोपडे दाखवले तर यातलं काहीच दिसत नाही.

इमारतीही वाईट हेतूने बांधलेल्या नव्हत्या. थॉमस किर्कब्राइड या अमेरिकी डॉक्टरांनी आखलेल्या नकाशात वॉर्डांचे लांब पंख एकामागे एक टप्प्याटप्प्याने मागे सरकत जायचे, म्हणजे प्रत्येक वॉर्डाला उजेड आणि वारा मिळावा. मॅसॅच्युसेट्समधलं डॅन्व्हर्सचं इस्पितळ, १८७८ साली सुरू झालेलं, तसंच होतं. पुढे बरंचसं पाडून तिथे घरं उठली. अशा वॉर्डात उंच खिडक्यांतून येणारा प्रकाश हा मुद्दाम योजलेला उपचार होता. तू तोच काळाकुट्ट करून भुताटकी दाखवलीस, तर इमारतीबद्दल खोटं बोललास असं मी म्हणेन.

इटलीतल्या व्होल्तेरा इथे नानेत्ती नावाच्या रुग्णाने आपल्या जाकिटाच्या बकलाने आवारातल्या भिंतीवर अक्षरं आणि चित्रं कोरली, वर्षानुवर्षं. न्यूयॉर्क राज्यातलं विलार्डचं मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद होताना माळ्यावर रुग्णांच्या ४०० हून जास्त सुटकेस सापडल्या. भरती होताना आणलेल्या, पुन्हा कधी न उघडलेल्या. जॉन क्रिस्पिन यांनी त्या एकेक उघडून साध्या उजेडात टिपल्या. कुठे नाट्य नाही. तुला शिकायचं असेल तर हे बघ.

मी स्वतः परवानगी घेऊन एका रिकाम्या पुरुष वॉर्डात काम केलं आहे. खाटा नेलेल्या होत्या. पण चुना मारलेल्या भिंतीवर, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, ओळीने तेलकट डाग होते. डोक्याला खोबरेल लावून रोज त्याच जागी टेकून बसणाऱ्या माणसांचे. खिडकीजवळचा डाग सगळ्यात गडद आणि त्याच्या समोरची शहाबादी फरशी टाचांनी गुळगुळीत झालेली. मी ३५ एमएमची लेन्स लावून, गुडघ्यावर बसून, भिंतीला समोरासमोर ठेवून तो काढला. वाईड लेन्सने खोली ताणली असती आणि डाग हरवले असते. असलं काही शोध. दाराची कडी कोणत्या बाजूला आहे, खिडकीच्या कोणत्या काचा रंगवल्या आहेत, नळ किती जणांत एक.

मांडामांड मात्र अजिबात नको. व्हीलचेअर ओढून मधोमध आणायची, कोपऱ्यात बाहुली ठेवायची, हे प्रकार मला सहन होत नाहीत. चाळीसगावचे केकी मूस टेबलावर मांडूनच फोटो काढायचे, पण ती मांडणी हीच त्यांची उघड कला होती. वॉर्डातली वस्तू तुझी नाही. साखळी दिसली तर तिला सजावट समजू नकोस. तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं गेली.

कागद सापडतील. रजिस्टर, केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या. नाव दिसेल असा एकही फोटो काढू नकोस, आणि कागद खिशात तर घालूच नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या भागातली घरं तुला माहीत आहेत. एखाद्या आत्याला ठाण्याला नेलं हे भाऊबंदांपासून लपवतात, घरातल्या पोरींची लग्नं अडतील म्हणून. तिचं नाव तुझ्या फोटोतून गावात पोचलं तर त्या घराने काय करायचं?

धोक्याचं थोडक्यात. एकटा जाऊ नकोस, रात्री तर नाहीच. सागाच्या तुळया वाळवीने आतून पोकळ होतात. काठीने ठोकत, भिंतीच्या कडेने चाल. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात, फुटलेल्यांना हात लावू नकोस. एन-९५ मास्क लाव, वटवाघळांची विष्ठा असेल तिथून मागे फिर. छताला आग्या मोहोळ असेल तर तो दिवस सोडून दे. पायात जाड बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं.

सरावाला आपल्याकडे बंद गिरण्या, जिनिंग, रेल्वेची जुनी क्वार्टर्स काय कमी आहेत? तिथेही मालकाला विचारूनच. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हाचं ऊन खिडकीत नुसतं पांढरंफटक येतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी तिरपा उजेड खोलीत खोलवर शिरतो. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८, आणि एक्स्पोजर खिडकीच्या उजेडावरून धर. सावल्या नंतर थोड्या उचलता येतात, जळलेली खिडकी परत येत नाही.

परवानगीचा अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, मराठीत. तारखा, सोबतचा माणूस, सामान आणि फोटो कुठे दाखवणार ते लिही. कुलूप तोडून किंवा भिंतीवरून आत गेलास तर गुन्हा दाखल होतो, आणि मी जामिनाला येणार नाही. परवानगी मिळाली की आधी तिथल्या जुन्या मामा-मावशींशी, म्हणजे वॉर्डबॉय-आयांशी, बोल. कोणत्या खोलीत काय चालायचं, रेडिओ कुठे वाजायचा, कोण कुठल्या दारात बसायचं, हे कुठल्याच फायलीत नसतं. फोटो झाले की आधी त्यांनाच दाखव. ते ज्या फोटोला नको म्हणतील तो काढून टाक, वाद घालू नकोस.

अर्जाचा मसुदा पाठवण्याआधी मला दाखव. विषयाच्या ओळीत थरार, रहस्य, शापित असलं काही लिहू नकोस. 'जुन्या वॉर्ड इमारतीचं छायाचित्रण' एवढं पुरे.

तुझा,
आप्पा