छतावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी नुसता यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा लावून पिता येईल का?

नुसत्या दिव्यावर नाही. आधी पाणी गाळून नितळ केलंत, तर येईल. २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण जंतूंच्या डीएनएवरच घाव घालतात, मग त्यांची वाढच होत नाही. क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवीही यात निकामी होतो. पण गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणाआड लपून सुटतात. म्हणून:

- प्रत्येक पावसाचं सुरुवातीचं पाणी बाहेर सोडा. पक्ष्यांची विष्ठा, पाचोळा, शेवाळ त्यातच येतं.
- टाकीनंतर ५ मायक्रॉनचा फिल्टर, सगळ्यात शेवटी यूव्ही. किरणांची मात्रा ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर हवी. एनएसएफ/एएनएसआय ५५ या अमेरिकन मानकाच्या 'ए' वर्गाची अट हीच आहे.

दिवा साधारण वर्षाने बदलाच. तो निळसर पेटलेला दिसतो आणि लोक निर्धास्त राहतात, पण आतले अतिनील किरण तोवर घटलेले असतात. दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर पांढरट थर धरला तर तोही पुसा. वीज गेली की नळ बंद, इथे तडजोड नको.

मात्र यूव्हीने फक्त जंतू मरतात. जुन्या रंगातलं शिसं किंवा कीटकनाशकं पाण्यात तशीच राहतात.