जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी लागली आहे. घर शहरात घ्यावं, ऑफिसजवळच्या गावात, की जिथे आपले लोक जास्त आहेत तिथे?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. झिंडेलफिंगनला वाहन उद्योगात नोकरी, सोबत बायको आणि तीन वर्षांची मुलगी, सध्या मुक्काम बाणेर, आणि समोर हे तीन पर्याय. मी त्याच पट्ट्यात साडेपाच वर्षं राहून २०२४ मध्ये कर्वेनगरला परत आले. पण नोकरी नवऱ्याची होती, मी घरी होते. तेव्हा हे उत्तर घरी राहणाऱ्या माणसाच्या बाजूने लिहिलेलं आहे, हे आधीच सांगते.

आमचं काय चुकलं ते पहिल्यांदा. नवरा आठ वर्षं कर्वेनगर ते चाकण कंपनीच्या बसने गेला. सकाळी अंधारात निघायचं, नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत पोचायचं, आणि संध्याकाळी तेच सगळं उलट. जर्मनीचं नक्की झालं तेव्हा त्याची एकच अट होती : आता प्रवास नको. मला ती इतकी पटली की मी नकाशा नीट बघितलासुद्धा नाही. ऑफिसपासून गाडीने बारा मिनिटांवर एका गावात घर मिळालं. घर मोठं, भाडं श्टुटगार्टपेक्षा कमी, खिडकीतून सफरचंदाची झाडं. फोटो पाठवले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, महाबळेश्वरच की!" महाबळेश्वरला माणूस तीन दिवस राहतो, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

गाव खरंच सुंदर होतं. एक चर्च, एक बेकरी, एक केस कापायचं दुकान. बेकरी दुपारी बंद (त्या एका बाबतीत मात्र अगदी घरच्यासारखं वाटलं). बस तासाला एक, रविवारी त्याहून कमी, आणि किराणा, डॉक्टर, औषधं सगळं शेजारच्या गावात. गाडी सकाळी सातला नवऱ्याबरोबर जायची. आणि असती तरी माझा काय उपयोग? मी आयुष्यभर ॲक्टिव्हा चालवलेली. भारतीय लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतं, पुढे तिथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. नोव्हेंबर आला. डिसेंबरात तर साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. एका शुक्रवारी हिशेब केला, तर त्या आठवड्यात नवरा आणि मुलगी सोडून मी फक्त बसच्या ड्रायव्हरशी बोलले होते. तेही 'हालो'. कर्वेनगरला खाली उतरलं की भाजीवाली असते, इस्त्रीवाला असतो, समोरच्या काकू असतात. "काय, आज उशीर?" एवढंच विचारतात, पण विचारतात. या गोष्टीला भाड्याच्या हिशेबात रकाना नसतो.

मग लगेच का नाही सोडलं? करार. जर्मनीत भाडेकरूने तीन महिन्यांची नोटीस दिली की साधारणपणे घर सोडता येतं. पण ठरावीक काळ कुणीच नोटीस द्यायची नाही, असं कलम करारात घालता येतं, अगदी चार वर्षांपर्यंत. आमच्या करारात ते दीड वर्षाचं होतं. पानंच्या पानं जर्मन, आम्ही शेवटच्या पानावर सही केली आणि मोकळे झालो. पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर सह्या करून करून हाताला सवयच तशी लागलेली असते. तुम्ही एवढं एक कलम कुणाकडून तरी वाचून घ्या. बाकीचं चुकलं तर निस्तरता येतं.

दीड वर्ष संपता संपता आम्ही ब्योब्लिंगनला आलो, स्टेशनपासून सात मिनिटं चालत. नशीब की २०२० च्या मार्चआधी हललो. नवऱ्याचा रस्ता थोडा वाढला, पण तो बसने किंवा सायकलने जाऊ लागला आणि गाडी बहुतेक वेळ उभीच राहिली.

आता तुमच्याबद्दल. झिंडेलफिंगन आणि ब्योब्लिंगन ही जोडगावं आहेत, पिंपरी आणि चिंचवडसारखी. एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते नवख्याला कळत नाही. ब्योब्लिंगनहून एस-१ नावाची लोकल थेट श्टुटगार्टला जाते, साधारण पंचवीस मिनिटांत, आणि उलट दिशेला हेरेनबर्गला. झिंडेलफिंगनहून एस-६० आहे, ती ब्योब्लिंगनला येऊन मिळते. माझं मत विचाराल तर या दोन मार्गांवरच्या एखाद्या स्टेशनापासून दहा मिनिटं चालत, एवढा एकच नियम धरा आणि घर त्या वर्तुळाबाहेर बघूच नका. बाहेरची घरं मोठी आणि स्वस्त असतील, मोह होईल, तरी नको. लोकलच्या भाड्याची फार चिंता करू नका. मे २०२३ पासून देशभरच्या लोकल, बस, ट्रामला चालणारं एक मासिक तिकीट आहे. ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, पुढेही वाढतंच आहे, पण गाडी पोसण्यापेक्षा खूप कमी.

खुद्द श्टुटगार्ट शहर? एकटी असते तर तिथेच राहिले असते. पण ते शहर कढईसारखं आहे, तळाशी मध्यवस्ती आणि भोवती टेकड्या. लोक त्याला 'केसेल', म्हणजे हंडाच म्हणतात. उन्हाळ्यात हवा कोंडते, आणि टेकडीवरच्या गल्ल्यांना जोडणारे चारशेहून जास्त जिने आहेत. ते जिने पर्यटकाला फार आवडतात. बाबागाडी, दोन पिशव्या आणि हट्टाला पेटलेलं तीन वर्षांचं मूल घेऊन एकदा चढून बघा. शहरातच राहायचं असेल तर नुसता पत्ता बघू नका, त्या पत्त्याची चढण बघा. शिवाय भाडं जास्त आणि एका घरासाठी रांग मोठी.

घर ठरवण्याआधी मी एक परीक्षा घ्यायला सांगते. पत्ता मिळाला की प्रवासाच्या ॲपमध्ये दोन प्रश्न टाका. मंगळवारी सकाळी अकराला, गाडी नसताना, मुलांच्या डॉक्टरकडे कसं जायचं? आणि रविवारी संध्याकाळी पाचला घरी परत कसं यायचं? सोमवारी सकाळी आठचा रस्ता सगळेच बघतात, तो सगळीकडून चांगलाच असतो. मग जवळचे दोन बालरोगतज्ज्ञ शोधा आणि नवीन पेशंट घेतात का ते फोन करून विचारा. पुष्कळ जण घेत नाहीत. चालत जाता येईल असं सुपरमार्केट, मुलांचं मैदान आणि फोल्क्सहोखशूले कुठे आहे ते बघा. हे शेवटचं म्हणजे पालिकेच्या आधाराने चालणारी प्रौढांची शाळा. भाषेचे वर्ग तिथेच असतात आणि बायकोला पहिल्या ओळखी तिथे होतात. मी गेले तेव्हा मला जर्मनचं अक्षर येत नव्हतं. नवऱ्याचं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांना मिळणारा तिथला कामाचा परवाना, त्यामुळे जोडीदाराला व्हिसासाठी ए-१ या जर्मनच्या सगळ्यात पहिल्या पातळीच्या परीक्षेची सक्ती नाही. मग मी कशाला जाते जर्मन शिकायला रानडे इन्स्टिट्यूटला! फर्ग्युसन रस्त्यावर दर आठवड्याला खरेदीला जायचे, पण तेवढं एक फाटक ओलांडलं नाही. सक्ती नाही याचा अर्थ गरज नाही असा होत नाही, हे मला त्या बेकरीत कळलं.

मुलीच्या किंडरगार्टनचंही घराशीच जुळलेलं आहे. अर्ज तुम्ही राहता त्या नगरपालिकेत करायचा. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०१३ पासून आहे, पण हक्काचा कागद दाखवला म्हणून वर्गात खुर्ची रिकामी होत नाही. दोन-तीन पालिकांना आत्ताच ईमेल करून प्रतीक्षा किती ते विचारा. 'पूर्ण दिवस' मिळेल का हेही विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी मूल दुपारी एक-दोनलाच घरी येतं, आणि मग आईने कसली नोकरी शोधायची? पुढे पहिलीची शाळा पत्त्यावरूनच ठरते आणि तिथली मुलं थोड्या दिवसांत एकटी चालत शाळेत जातात. तो रस्ता एकदा स्वतः चालून बघा.

'आपले लोक' असलेल्या भागाबद्दल. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण म्हणून तिथे दादर वसलेलं नाही. आपली कुटुंबं त्या सगळ्या पट्ट्यात विखुरलेली आहेत आणि लोकलवर राहिलात तर गणपतीला, हळदीकुंकवाला, कुणाकडे पुरणपोळी आहे म्हणून, सहज जाता येतं. तूरडाळ आणि पोह्यांसाठी घर निवडू नका. महिन्यातून एक फेरी पुरते. आजारी पडल्यावर मात्र आपलं माणूस लागतं, म्हणून एखादं कुटुंब अर्ध्या तासाच्या आत असावं. त्याच इमारतीत नको. का ते तुम्ही सोसायटीत राहता, तुम्हाला माहीत आहे.

पुण्यात बसून घर पक्कं करू नका. पहिले दोन-तीन महिने सामानासकटची तात्पुरती जागा घ्या, पण तिथे पत्त्याची नोंदणी करून मिळेल याची लेखी खात्री घ्या. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत नोंदणी करावी लागते आणि त्याला घरमालकाचा कागद लागतो. सुट्टीसाठी भाड्याने देणारे पुष्कळ जण तो देत नाहीत. नोंदणी नाही तर कर-क्रमांक नाही, आणि तो नसला तर पगारातून सगळ्यात चढा कर कापला जाऊ शकतो. तो नंतर परत मिळतो, पण पहिल्या महिन्यांत पैसे हवे असतात. "मी सध्या परदेशी आहे, अनामत पाठवा, किल्ल्या कुरियर करतो" असा ईमेल आला तर तो शंभर टक्के चोर आहे.

जाहिरातीतलं 'काल्ट' भाडं म्हणजे नुसतं घराचं. हीटिंग, पाणी वगैरे धरून होतं ते 'वार्म', हिशेब त्याचा करा, आणि वीज, इंटरनेट बहुधा त्याहून वेगळं. 'दोन खोल्यांचं घर' म्हणजे एक हॉल आणि एक बेडरूम, स्वयंपाकघर मोजत नाहीत. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढी, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क तुम्हाला आहे. २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे असा कायदा आहे, तेव्हा घरमालकाच्या दलालाने तुमच्याकडे मागितले तर देऊ नका.

ब्योब्लिंगनची एक गंमत. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या दाराच्या मुठीला कुणीतरी एक छोटी लाकडी पाटी अडकवली. त्यावर सुबक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. छान दिसते म्हणून मी ती आत आणून शोकेसमध्ये ठेवली. शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आजी झाडू घेऊन दारात उभ्या. ती 'केअरवोखे'ची पाटी होती : या आठवड्यात जिना आणि समोरचा फुटपाथ झाडायची पाळी तुमची. झाडून झालं की पाटी शेजारच्या दाराला. त्या भागातली ही जुनी रीत आहे, आणि पुणेरी पाटीला कुणी तोड दिली असेल तर यांनीच. आजींनी मला जिना कोणत्या पायरीपासून झाडायचा ते दाखवलं, मी चुकले की पुन्हा दाखवलं, आणि माझं निम्मं जर्मन त्या जिन्यात झालं. स्टेशनपासून सात मिनिटांवरची आमची जागा गावातल्या घरापेक्षा वीस चौरस मीटरने लहान होती. पहिल्या महिन्यानंतर ते आठवलंही नाही.

राहता राहिलं स्वयंपाकघर. तिथली बरीच घरं ओटा, सिंक, कपाटं काहीही नसलेली मिळतात. भिंतीतून नुसता नळ बाहेर आलेला असतो. आधीच्या भाडेकरूचं स्वयंपाकघर विकत घेता येतं का ते घर बघतानाच विचारा, नवीन बसवायला पैसे आणि आठवडे दोन्ही जातात. आम्ही तसंच घेतलं होतं आणि निघताना एका पोलिश जोडप्याला विकलं. दोन महिन्यांनी त्यांचा मेसेज आला : सगळं छान आहे, फक्त डावीकडचं वरचं कपाट तीनदा व्हिनेगरने पुसलं तरी त्याचा वास जात नाही, आत काय ठेवायचात?

हिंग.